गंगेचा गडू आणि फोनवरची बाई

…तर अडकित्त्याच्या दणक्यानं गडूच्या तोंडाचं डाख निघालं, सरलाबाईंनी आत तुळशीचं पान सोडलं, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला जेवायची हाक आली. इथवर काल झालं होतं. आता पुढचं ऐका. पण पुढचं सांगायचं तर थोडं मागं सरकावं लागेल, कारण छत्रीबागेतल्या त्या घरात गडू उघडत होता तेव्हाच इकडे इंदुरातच पलासियाला एका इमारतीत, कानाला यंत्र लावून, सुनीता बसली होती. फोन चालूच होता. गडूचं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आणि गोष्ट तशी सुनीताचीच आहे. गडू तिच्यात मागाहून शिरला.

जे काल नव्हते त्यांच्यासाठी गडूचं तेवढं सांगून टाकू. काशीहून आणलेला, मुठीएवढा, तांब्याचा, तोंडाला डाख देऊन पक्का बंद केलेला. आत गंगा. असा गडू देवघराच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसून राहतो. तो सणाला उघडत नाहीत, पूजेला उघडत नाहीत. घरातलं माणूस जायला निघालं की मगच उघडतात. अमक्याकडे गडू उघडला असं कानावर आलं की शेजारी हातातला घास ताटात ठेवून चपला शोधायला लागतात. एवढं ध्यानात असू द्या.

आता सुनीता. ही बाई पक्की इंदुरी. आजोबा खानदेशातून इथल्या कापड गिरणीत विणायच्या साच्यावर आले, वडील त्याच गिरणीत हजेरी घेणारे कारकून, आणि गिरणीचा भोंगा कायमचा बंद झाला तेव्हा ही शाळकरी पोर. शिक्षण अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. भांडण मात्र माळवीत, कारण गल्लीतली पोरं माळवीच बोलत. देवानं रूप बेताचं दिलं, उंची त्याहून बेताची, पण आवाज दिला तो असा, की रडणारं पोर मध्येच थांबून बघावं की कोण बोललं. लग्नानंतर ती गॅसच्या एजन्सीत फोन घ्यायला लागली. "टंकी कब आएगी?" म्हणून सिलिंडरसाठी दिवसभर लोक खेकसायचे. कुणाकडे पाहुणे, कुणाकडे बारसं, आणि टंकीचा पत्ता नाही. त्या शिव्या खाऊन खाऊन तिचा आवाज मुरला, जसं लोणचं मुरतं. कडवटपणा गेला, चव राहिली.

तिथून ती एका ट्रस्टच्या रुग्णवाहिकांच्या फोनवर आली. कुणी पडलं, भाजलं, अडलं की लोकांनी एक नंबर फिरवायचा, फोन सुनीताकडे, गाडी कुठून सोडायची ते ती ठरवणार आणि गाडी पोचेपर्यंत त्या घरातल्या माणसाला बोलण्यानं धरून ठेवणार. काम एवढंच. पण करून बघावं म्हणजे कळतं. घाबरलेला माणूस आपल्या घराचा पत्ता विसरतो. "कुठून बोलताय?" विचारलं की "घरातून" म्हणतो.

गमती पण होत्या. देपालपूरकडचा एक शेतकरी घाईघाईनं म्हणाला, "भेनजी, जल्दी गाड़ी भेजो, बैठ गई है, उठती नी।" सुनीतानं विचारलं, वय काय? तो म्हणाला, "तीसरे ब्यात की है।" म्हैस निघाली. सुनीता म्हणाली, "भियाजी, हमारे स्ट्रेचर पे नी आएगी।" तर तो काय म्हणाला असेल? "तो स्ट्रेचर रेन दो, खाली डॉक्टर भेज दो।" त्या दिवशी फोनच्या खोलीत हसून हसून सगळ्यांचा चहा निवला. आणि घरी तिची मुलगी आर्या हिला तर चिडवायला निमित्तच हवं असायचं. "आई, तू काल भाजीवाल्याला म्हणालीस, घाबरू नका, लाइनवर राहा. तो बिचारा गिलकी हातात धरून उभाच राहिला!"

पण एक गोष्ट होती. लोकांचं पुढं काय झालं हे सुनीताला कधी कळत नसे. गाडी पोचली की फोन बंद. विहिरीत दगड टाकावा आणि खालून आवाज यायच्या आत कुणी आपल्याला काठावरून ओढून न्यावं, तसं रोजचं. सुरुवातीला तिला झोप लागत नसे. मग तिनं मनाची समजूत घातली, की आपलं काम दगडापुरतं. पाणी किती खोल हे बघायचं काम दुसऱ्याचं.

त्या खोलीत भिंतीवर नियम लावले होते. हे नियम कुणा एकाच्या मनचे नव्हेत; असल्या कामाचं एक शास्त्र असतं, जगभर लोक त्याचा अभ्यास करतात, कुठल्या शब्दानं माणूस ऐकतो, कुठल्यानं बिथरतो ते तपासतात. इथल्यांनी ते इंग्रजीतून उतरवून घेतले होते. फोन आपण आधी ठेवायचा नाही. आवाज चढवायचा नाही. "बरे होतील", "काही होणार नाही" असला दिलासा द्यायचा नाही, कारण फोनवरून दिसत काही नाही, आणि उद्या माणूस गेला तर तो दिलासा घरच्यांना डाचतो. आणि एक वाक्य होतं, ते शब्दाला शब्द म्हणायचं: पेशंटला तोंडानं काहीही खायला-प्यायला देऊ नका. शुद्ध हरपलेल्या माणसाला गिळता येत नाही. पोटात जायचं ते छातीत उतरतं. म्हणून ते वाक्य. सुनीता ते हिंदीत म्हणे, मराठीत म्हणे, आणि तिच्या आवाजात ते इतकं गोड लागे की नव्या मुलींना शिकवताना तिचंच ऐकवत.

आता छत्रीबाग.

खान नदीच्या अंगाला जुन्या गल्ल्या आहेत, तिथं दिनानाथ आणि सरला हे जोडपं राहत होतं. ते पोस्टातून निवृत्त, बाई बालवाडीत शिकवून निवृत्त. मूल नव्हतं. सकाळी पोहे झाले, दिनानाथ हात धुवायला उठले आणि मोरीपाशीच कलंडले. शेजारचा उदयसिंह धावत आला, दोघांनी मिळून त्यांना ओढत पलंगावर घातलं आणि सरलाबाईंनी फोन लावला.

"हॅलो, यहाँ छत्रीबाग में… अहो, आमचे हे पडलेत हो! बोलतच नाहीयेत!"

मराठी ऐकल्याबरोबर सुनीतानं रूळ बदलला. "काकू, मी सुनीता. मराठीतच बोला. छाती वरखाली होतेय का बघा."

"होतेय. पण घोरल्यासारखं करताहेत. तोंड एकीकडं गेलंय."

"गाडी निघाली काकू. त्यांना कुशीवर करा. आणि तोंडानं काहीही खायला-प्यायला देऊ नका. लाइनवर राहा."

मागून उदयसिंहाचा आवाज आला, "काकी, शक्कर घोल के पानी पिला दो, होश आ जाएगा!"

आणि सरलाबाई अशा कडाडल्या की सुनीतानं यंत्र कानापासून दूर धरलं. "खबरदार! फोनवाली बाई ने मना किया है! एक बूँद नी देना!"

सुनीताला काय वाटलं असेल? सुख वाटलं हो, दुसरं काय! रोज शंभर लोक ऐकल्यासारखं करतात आणि मनाचं करतात. ही बाई ऐकते. इतकी ऐकते की शेजाऱ्याला दटावते. मग सरलाबाईंनी फोन पलंगावर ठेवला. कपाट उघडल्याचा आवाज, कशावर तरी काही आपटल्याचा आवाज, आणि मग हळू आवाजात विष्णूची नावं. सुनीताला वाटलं, दाराची कडी काढताहेत, गाडीवाल्यांसाठी. ती इकडून म्हणत होती, "शाबास काकू. फार छान करताय तुम्ही."

हे "शाबास" पुढं तिला फार छळणार होतं.

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतच जाते तिथं. पुढं पायी. स्ट्रेचर घेऊन गेला तो मालोजी. हा मालोजी म्हणजे वल्ली; मिशा अशा की पेशंटनं बघून शुद्धीवर यावं. "पणजोबा होळकरांच्या पागेत घोडे बघायचे, मी ट्रस्टचा घोडा बघतो," असं स्वतःच सांगायचा. हात मात्र हलके, आणि डोकं थंड.

काही दिवसांनी पलासियाच्या नाक्यावर दोघं पोहे खात उभे होते. वर जिरावण मसाला भुरभुरवता भुरभुरवता मालोजी म्हणाला, "बाई, तुमचे छत्रीबागवाले काका गेले हो."

"गेले? अरे पण काकू इतक्या छान ऐकत होत्या!"

"ऐकत होत्या?" मालोजीचा हात थांबला. "मी पोचलो तेव्हा काका उताणे, आणि गळ्यात गुळगुळ गुळगुळ. गाडीत नळी घालून पाणी ओढलं. नळी मध्येच बंद पडली. बघतो तर काय, तुळशीचं पान. अख्खं. तोंडाशी चिकटून बसलेलं."

सुनीतानं पोह्यांची प्लेट खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं. ताप चढला तो उतरलाच नाही. टेंशन नका घेऊ बाई, आपल्या हातात काय असतं?"

पण टेंशन घेऊ नका म्हटल्यानं कुणाचं कधी गेलंय? आता तिला ते आवाज कळले. कपाट नव्हतं, देवघर होतं. कडी नव्हती, गडू होता. आणि माणसाला उताणं का केलं होतं तेही कळलं. कुशीवरच्या माणसाला गंगा कशी पाजणार? आपण पलीकडं "शाबास" म्हणत होतो आणि त्या चमच्या-चमच्यानं पाजत होत्या.

त्यानंतर तिचं वाक्य बिघडलं. शब्द तेच, पण "प्यायला" वर आली की जीभ अडायची, रस्त्यात बैल बसावा तशी. आर्यानंसुद्धा चिडवायचं सोडलं. घरात जेवताना सुनीता हातातल्या भांड्याकडे बघत राहायची.

तशातच एका दुपारी एक फोन आला. वडील पडलेत, बोलत नाहीत. सुनीतानं वाक्य म्हटलं. मागून कुणी म्हातारी ओरडली, "गंगाजल लाओ रे!" सुनीता नियम मोडून किंचाळली, "भिया, गंगाजल मत देना! कुछ भी मत देना!" तो माणूस शांतपणे म्हणाला, "भेनजी, पानी नी दे रए, गंगाजल दे रए। गंगाजल क्या पीने की चीज़ है?" आणि त्यानं फोन ठेवून दिला.

ट्रस्टकडे त्या सुमारास एक डॉक्टरीणबाई येत होत्या, अनुश्री नावाच्या. नागपूरकडच्या, इथल्या एका कॉलेजात नव्यानं लागलेल्या. त्यांचा अभ्यास चालला होता तो नेमका ह्याच वाक्याचा. गाडी येईपर्यंत फोनवर जे सांगतात ते लोक पाळतात का? पाळत असतील तर तेच वाक्य जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांना प्रमाण म्हणून लावून द्यायचं, असं घाटत होतं. त्यांची माणसं घरोघरी जाऊन विचारत, गाडी यायच्या आधी पेशंटला खायला-प्यायला काही दिलं होतं का? बहुतेक घरं म्हणत, नाही. छत्रीबागेनंही तेच सांगितलं होतं: नाही, एक थेंब नाही.

"वाक्य पास झालं म्हणायचं," अनुश्री एक दिवस फोनच्या खोलीत चहा घेता घेता म्हणाल्या, "पण मला एक कळत नाही. घरचे म्हणतात काही दिलं नाही, आणि छातीत पाणी तर दिसतं. लोक एवढं खोटं का बोलतात?"

"खोटं नाही बोलत, मॅडम," सुनीता म्हणाली. आणि तिनं तुळशीचं पान सांगितलं. आणि त्या दुपारचा फोन सांगितला.

अनुश्री स्वतःशीच म्हणाल्या, "माझी आजी निर्जळी एकादशी करायची. घशाला कोरड पडली तरी पाणी नाही. पण देवळातून आली की तीर्थ घ्यायची, आणि उपास मोडला असं तिला कधी वाटलं नाही. मी दर वेळी बघायचे हो लहानपणी. आणि प्रश्न लिहिताना आठवलं नाही."

"मग आता वाक्य बदला ना."

"एका पानावर कसं बदलू? मालोजींनी पाहिलं, मान्य. पण घरच्यांच्या तोंडून यायला हवं. नाहीतर वाक्य मंजूर करणारी समिती म्हणेल, पान हवेनं उडून आलं असेल." त्यांनी सुनीताकडं बघितलं. "तुम्ही चला माझ्याबरोबर. तुमचा आवाज त्यांना ओळखीचा आहे."

"मॅडम, त्यांना विचारायचं म्हणजे त्यांना सांगायचंच झालं. ती बाई एकटी आहे. उरलेला जन्म ती त्या गडूकडं बघत काढेल."

"मी जबरदस्ती नाही करणार," अनुश्री म्हणाल्या. "नाही गेलो तर वाक्य आहे तसं राहील, एवढंच."

आता बघा पेच. एका पारड्यात एका म्हातारीची झोप. दुसऱ्या पारड्यात ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशी माणसं, उद्या-परवा कुठल्या तरी घरात पडणारी. सुनीतानं देवाला विचारलं असतं, पण देवघरात गडूच होता. तिच्याही घरात होता, सासूबाईंनी आणलेला. शेवटी ती अनुश्रींबरोबर गेली.

छत्रीबागेतली ती खोली नीटनेटकी होती. भिंतीवर दिनानाथांचा हार घातलेला फोटो, दांडीवर त्यांचा पंचा अजून तसाच. सुनीता दारातून नुसतं एवढंच म्हणाली, "काकू, आत येऊ का?"

आणि सरलाबाई खुर्चीवरून उठल्याच. "अगं बाई! तुम्ही फोनवरची ना? आवाज विसरेन होय मी! या, बसा. ह्या कोण? डॉक्टर? तुम्हीही बसा. चहा टाकते."

चहा आला, सोबत शेव आली. सुनीता कप हातात धरून बसली. सरलाबाई मात्र बोलत होत्या. कितीतरी दिवसांनी कुणी ऐकायला आलं होतं.

"मी सगळ्यांना सांगते, त्या बाईंमुळे आमच्या ह्यांचं शेवटचं सगळं नीट झालं. तुम्ही धीर दिलात म्हणून माझे हात चालले. नाहीतर गडूचं डाख मला निघालं असतं होय? अडकित्त्यानं फोडलं. ह्यांच्या मुखात गंगा पडली, माझ्या हातानं पडली. पुष्कळांच्या नशिबात नसते हो. माझ्या सासऱ्यांच्या नव्हती. ते इस्पितळात काचेमागं गेले, आम्ही बाहेर गडू घेऊन उभे. हे जन्मभर म्हणायचे, सरले, माझं तसं होऊ देऊ नकोस."

झालं. विचारायच्या आधीच उत्तर मिळालं. अनुश्रींना जे हवं होतं ते घरच्यांच्या तोंडून आलं होतं. त्यांनी सुनीताकडं बघून हळूच मान हलवली: निघू या. आणि खरंच, तेव्हाच उठता आलं असतं. अभ्यासाचं काम झालं होतं, म्हातारीचं सुख शाबूत होतं. सुनीतानं कप खाली ठेवला आणि ती उठलीही.

पण सरलाबाईंनी आयुष्यभर लहान पोरं सांभाळली होती. कोण काय लपवतंय हे त्यांना पाठीकडूनही दिसायचं.

"बसा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीण घेऊन कुणी नुसतं भेटायला येत नाही. मागेही दोघीजणी येऊन गेल्या, खायला-प्यायला काय दिलं विचारून गेल्या. तुम्ही कशाला आलात?"

खोटं बोलायला काय लागलं असतं? चार गोड शब्द. आणि ते तर सुनीतापाशी पोतंभर होते. ती उभ्या उभ्या दांडीवरच्या पंच्याकडं बघत राहिली. मग बसली.

"काकू, त्यांना गिळता येत नव्हतं."

सरलाबाईंनी पदर सारखा केला. बाहेर गल्लीत कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना.

"ते खोकले होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या चमच्याला. मला वाटलं, गंगा पोचली. मी त्यांची छाती चोळली. म्हटलं, घ्या, अजून घ्या." त्या थांबल्या. "मी मारलं का हो त्यांना?"

"नाही," अनुश्री पुढं सरकून म्हणाल्या. "आजी, अर्धांगाचा झटका फार मोठा होता. पाण्यानंच गेले असं कुणी डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. पाण्यानं त्रास वाढला, एवढं मात्र खरं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

सरलाबाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या सुनीताकडं वळल्या होत्या, आणि आता त्यांच्या आवाजाला धार आली होती. "तुम्ही म्हणालात खायला-प्यायला देऊ नका. मी दिलं का? उदयसिंहाला दिलं का देऊ? गंगा काय खायची-प्यायची वस्तू आहे?"

"नाही काकू."

"मग तसं सांगायचं होतं!"

"हो. सांगायला हवं होतं."

"आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं," सरलाबाई म्हणाल्या, आणि एकदम त्यांचं अवसान गळालं. "कशी ऐकणार? समोर माणूस निघालेला दिसतोय, गडू घरात आहे, आणि त्याला तसाच कोरडा जाऊ देऊ? तुम्हाला श्वासाचं सांगितलं, तोंडाचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, गाडी निघाली. बरं, निघाली. पण हे अजून आहेत, असं तुम्ही म्हणालाच नाहीत हो! कुणीच म्हणालं नाही. मला वाटलं, तुम्हालाही कळलंय, आणि बाई भली म्हणून बोलत नाहीये. गडू जाणाऱ्यासाठी असतो. हे अजून आहेत असं कुणी एकदा म्हटलं असतं, तर मी त्याला हात तरी लावला असता का?"

देवघरात गडू होता. तोंडाशी डाखाचे दाते राहिलेले, रिकामा, घासूनपुसून लख्ख केलेला.

अनुश्री खालच्या आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारख्या म्हणाल्या, "आजी, फोनवरून तसा दिलासा देता येत नाही. नियमच आहे तो. माणूस जगेल असं कुणी कसं म्हणावं? आणि नाही जगला तर?"

"जगेल म्हणायचं नाही, मॅडम," सुनीता म्हणाली. तिची जीभ आता अडत नव्हती. "आहे म्हणायचं. छाती वरखाली होतेय असं त्यांनीच मला सांगितलं होतं. मग ते होते. एवढं खरं होतं, आणि तेवढंही मी म्हटलं नाही."



सरलाबाईंनी डोळे पुसले नाहीत; पाणी आपसूक वाळू दिलं. मग बालवाडीत पोराला उभं करावं तसं सुनीताला म्हणाल्या, "उद्या माझ्यासारखीच कुणी फोन लावेल. तिचाही नवरा असाच पडलेला असेल, तिच्याही घरात गडू असेल. तिला काय सांगाल? आत्ता म्हणून दाखवा. मीच फोन केलाय असं समजा."

सुनीतानं पदरानं हात पुसले, कानाला यंत्र आहे की नाही ते चाचपावं तसा कानाला हात लावला, आणि जे बोलली ते असं:

"काकू, मी सुनीता. ऐका, ते अजून आहेत. छाती हलतेय म्हणजे ते आपल्यातच आहेत, आणि गाडी त्यांच्यासाठीच निघाली आहे. त्यांना कुशीवर करा, त्यांचा हात हातात घ्या, त्यांच्याशी बोला. तोंडात काही घालू नका. पाणी नको, साखर नको, औषध नको, तीर्थसुद्धा नको. गंगेचा गडू देवापाशीच राहू द्या, काकू. अजून त्याची वेळ झालेली नाही."